वेळ वाढवली, तरी सांधा सुटतो

प्रश्न : १ मिमीचा ६१११ जातीचा (मिश्रधातूचा प्रकार) अ‍ॅल्युमिनियम पत्रा तेवढ्याच जाडीच्या पोलादी पत्र्याला अल्ट्रासॉनिक स्पॉट वेल्डिंगने (अतिवेगवान कंपनांनी एका ठिपक्यावर सांधून) जोडतो. वेळ वाढवली, तर सांधा उलट ठिसूळ झाला. असं का?

उत्तर : वेळ वाढवली, तिथेच बिघडलं. २० किलोहर्ट्झच्या (सेकंदाला २० हजार कंपनांच्या) घर्षणाने पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर फुटतो आणि धातू न वितळताच जुळतात. उष्णता जास्त वेळ टिकली, की मध्ये लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या ठिसूळ संयुगांचा थर जाड होत जातो. सुमारे अडीच किलोवॅटला १ ते २ सेकंदांत चाचणी तुकडे जोडा, प्रत्येक वेळी पाव सेकंद बदला आणि ओढून पाहा. सांध्याचा गाभा (जुळलेला ठिपका) अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा फाडून निघाला तर उत्तम. सांध्यातूनच सपाट सुटला तर वेळ कमी किंवा जास्त पडली. पोलाद गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) असेल तर वेगळे प्रयोग करा : जस्त-अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रण ३८१ अंश सेल्सियसलाच वितळू लागतं.