शेवटचं वर्ष सोडायच्या आधी हे वाच

प्रिय लेकी,

जय ख्रिस्त. तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, तेव्हाच वाचला होता पण लगेच उत्तर नाही दिलं, असल्या गोष्टीला दोन ओळी टाईप करून भागत नाही. शिबिरात तुला देवाचं पाचारण झालं, सगळ्या राष्ट्रांना सुवार्ता कळावी हीच देवाची योजना आहे तर मग मी इथं जालन्यात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, शेवटच्या वर्षाच्या फायली कशाला पूर्ण करत बसू, लांब कुठंतरी जाते, असं तू लिहिलंस. तुझ्या पाचारणावर मला बिलकुल शंका नाही. पण तुझ्या डोक्यात "लांब" हा शब्द जिथं बसलाय ना, तिथंच मला बोलायचंय.

पहिलं म्हणजे ही योजना शिबिरात सुरू झालेली नाही आणि गोऱ्या साहेबांनी बोटीतून आणलेली पण नाही. बायबलात उत्पत्तीचा १२ वा अध्याय काढ, अब्राहामाला देव घरदार सोडायला सांगतो आणि त्याच दमात म्हणतो की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. कुळं म्हणतो हां, देश नाही म्हणत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी "सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करा" आहे ना, तिथंही मूळ ग्रीक शब्द एथ्ने आहे, म्हणजे वेगवेगळे लोक, ज्यांची बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या, लग्नातली गाणी वेगळी. पासपोर्टवाला देश नव्हे. त्या हिशोबाने बघितलं तर आपल्या एका तालुक्यात किती राष्ट्रं आहेत मोज बरं. तांड्यावर बंजाऱ्यांची गोरबोली, मोहल्ल्यात दखनी, आणि गावात आपली मराठी, ती पण गल्लीगल्लीला वेगळी.

आता एक सांगतो, हे मी आजवर फार जणांना सांगितलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका साखर कारखान्याच्या हद्दीवर ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेलो होतो, सगळे आपल्याच भागातले कोयते, दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन गेलेले. अंधार पडल्यावर गाड्या खाली करून लोक आले, बाया तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायला बसल्या, एका कोपीत साडीच्या झोक्यात लेकरू झोपलेलं, पाचटाचा वास सगळीकडे. मी तिथं पाऊण तास बोललो. तारण, नीतिमत्त्व, प्रायश्चित्त, समेट, उपासनेत बोलतो तसंच सगळं. एक म्हातारी बंजारा याडी, म्हणजे आई, शेवटपर्यंत हात जोडून बसली होती, दिवसभर मोळ्या बांधून आलेली बाई, आणि झाल्यावर ती सुनेच्या कानात काहीतरी बोलली. सून मला म्हणाली, दादा, सासू इचारती, तुमचा देव आमच्या बोलीत बोलत नाही का.

त्या रात्री मला झोप नाही लागली. माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर तांडा, त्या घरात एकोणीस वर्षं राहत होतो मी, आणि गोरबोलीतलं धड एक वाक्य मला येत नव्हतं. शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी देवाने काय केलं ते मी दरवर्षी शिकवत होतो, पार्थी, मेदी, एलामी जो तो आपापल्या भाषेत ऐकतोय, आणि स्वतः मात्र त्या माऊलीला पाऊण तास माझ्या भाषेत ओढत होतो.

पंडिता रमाबाईंना हेच टोचलं होतं बघ. मराठीत नवा करार तसा १८११ सालीच सेरामपूरला छापून झाला होता, पुढं अख्खं बायबलही आलं, पण ती भाषा साध्या बायकांना जड जाते म्हणून रमाबाई केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि स्वतः पूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. एवढी संस्कृत येणारी बाई! तिथल्याच मुली छापखान्यात खिळे जुळवायच्या. १९२२ ला त्या गेल्या, शेवटपर्यंत याच कामात होत्या. देव आपल्या बोलीत यावा ही भूक तशी आपल्या मातीला नवी नाही म्हणा, एकनाथांचं पैठण काय लांब आहे का आपल्यापासून.

आणि तू राहतेस ते जालनाच घे. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण माणूस, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं निजामाच्या राज्यात जालन्याला आला आणि जवळच बेथेल नावाचं गाव वसवलं, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं अशा मांग-महार कुटुंबांसोबत. त्या काळात ब्राह्मणाला मांगवाड्यात जाऊन बसायचं म्हणजे परदेशाहून लांब होतं ते अंतर. येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच झालं, यहुदी नसलेल्या रोमी अधिकारी कर्नेल्याच्या घरी जायला मैलाचा प्रश्न नव्हता, उंबऱ्याचा होता. देवाला तीनदा तेच दर्शन दाखवावं लागलं तेव्हा कुठं तो म्हणाला की देव पक्षपाती नाही. आपल्या मंडळीत सुद्धा कोणाच्या घरचा चहा घ्यायचा अन् कोणाच्या घरी "आत्ताच घेतला" म्हणायचं हे ठरलेलं असतं, तू पण बघितलंयस, मी पण. सगळ्या लोकांची गोष्ट करायची आणि हा उंबरा तसाच ठेवायचा, हे देवाला चालत नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

अजून एक, प्रेषितांची कृत्ये ११ नीट वाच. येशूवर विश्वास ठेवला म्हणून स्तेफनाला मारल्यावर बाकीचे विश्वासणारे पांगले, आणि अंत्युखियात ग्रीक लोकांना पहिल्यांदा सुवार्ता कोणी सांगितली तर कुप्र आणि कुरेनेच्या काही माणसांनी. बस, "काही माणसं". नाव नाही, मिशन नाही, पाठवणी नाही, घर सुटलं म्हणून गेलेली माणसं. पौल तिथं नंतर आला. आपल्या भागातली माणसं तर दरवर्षी पांगतात गं, कोणी कारखान्यावर, कोणी चाकणला कंपनीत, कोणी मुंबईला बांधकामावर. त्यातले विश्वासणारे आहेत ना, त्यांना आपण "गेले" म्हणून मंडळीच्या वहीतून सोडून देतो, मला वाटतं त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करून पाठवायला पाहिजे होतं.

आणि हे करताना माणूस म्हणजे आकडा नव्हे. योनाच्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य बघ, देव निनवेतल्या एक लाख वीस हजारांवर माणसांची कीव करतो, आणि वर म्हणतो, शिवाय पुष्कळ गुरंढोरं पण आहेत. दुष्काळात चारा छावणीला दावणीशी बसून रात्र काढलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. ज्याला शहरातली जनावरंसुद्धा दिसतात त्या देवाच्या नावाने आपण जातोय, म्हणून आमिष नाही, भीती नाही, कोणाच्या देवाला नावं ठेवणं नाही. पेशंटला गोळी देताना पत्रक पुढं सरकवायचं नाही, कधीच नाही. गोळी गोळीसारखी दे, नीट दे, वेळेवर दे. त्याने स्वतःहून विचारलं की तू अशी का वागतेस, तर मग लपवायचं पण नाही, येशूचं नाव सरळ सांगायचं.

तर परीक्षा दे. शेवटचं वर्ष सोडू नको, फी भरायला तुझ्या आईने गळ्यातली पोत मोडलीय हे मला माहितीय. रजिस्ट्रेशन हातात आलं की मग नकाशा काढून बसू, अरुणाचल म्हण नाहीतर आफ्रिका म्हण, देव जिथं पाठवेल तिथं तुला सोडायला मी स्वतः स्टेशनवर येईन.

तोवर एक काम कर. गुढीपाडव्यापर्यंत तांड्यावरचे लोक कारखान्यावरून परत आलेले असतात. ती याडी आता नाही, पण तिची सून आहे, तिचं बीपी वाढलेलं असतं अन् ती गोळ्या मधेच बंद करते, मी सांगून थकलो, बाईमाणसाचं ती ऐकेल. पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की बीपीचं मशीन घेऊन ये, आपण दोघं जाऊ. मला आता गोरबोली मोडकीतोडकी येते, रस्त्यात चालता चालता तुला शिकवतो, आणि चुकलं की ती दुरुस्त करतेच.

तुझा,
काका