ठाण्यातून आर्किटेक्चरचं कॉलेज निवडताना: आधी तिसऱ्या वर्षाच्या शीट्स बघून या

ताई, मुलीचे नाटाचे (आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेचे) मार्क बरे आहेत पण मुंबईच्या सर जेजे कॉलेजची खात्री नाही, तर कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पसंतीक्रमात वांद्र्याचं कॉलेज वर टाकायचं की बेलापूर-नेरूळचं, असा तुमचा प्रश्न. सोबत 'प्लेसमेंट कुठे चांगली' हेही विचारलंत. ते आधी बाजूला काढू. आमच्या धंद्यात इंजिनीअरिंगसारख्या कंपन्या रांगेने कॉलेजात येत नाहीत. नौपाड्यातल्या माझ्या छोट्या ऑफिसात मी दरवर्षी ट्रेनी घेतो, ते पोर्टफोलिओ बघून. कॉलेजचं नाव पहिल्या पानावर असतं, मी ते उलटून पुढे जातो.

पुढच्या पानांवर मात्र कॉलेज कळतंच. काही ठिकाणची पोरं वेगवेगळी येतात, तरी सगळ्यांचं डिझाइन सारखंच: तोच कोर्टयार्ड, त्याच जाळ्या, कॉम्प्युटरवर काढलेलं तेच चित्र. म्हणजे पेन्सिल सरांची, हात पोरांचा. म्हणून मुलीला घेऊन कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन बघा. ते होऊन गेलं असेल तर विनंती करून तिसऱ्या वर्षाचा स्टुडिओ बघा. पहिल्या वर्षाची मॉडेल्स सगळीकडेच देखणी असतात आणि शेवटच्या वर्षाचे थीसिस प्रकल्प निवडून लावलेले असतात. खरं चित्र मधल्या वर्षांत दिसतं. एकाच साइटवर दहा जणांनी दहा वेगळी उत्तरं काढलीत का? चुकलेल्या, लाल पेनाने खोडलेल्या शीट्स दिसतात का? जिना डोक्याला लागतोय हे कुणीतरी दाखवून दिलंय का? तिथल्या मुलांना एवढंच विचारा, 'ज्युरीत (मुलांचं काम तपासून चर्चा करतात त्या बैठकीत) बाहेरचे कोण येतात आणि काय बोलतात?' उत्तर खुलून आलं तर कॉलेज जिवंत आहे. 'सबमिशन वेळेवर घेतात' एवढंच ऐकू आलं, तर सावध व्हा. स्वतः प्रॅक्टिस करणारे किती जण शिकवायला येतात, हेही विचारा. एसी स्टुडिओ आणि लेझर कटर कौतुकाने दाखवतील, ते बघून घ्या आणि विसरा.

आता प्रवास. हा मुद्दा लोक फालतू समजतात, मी समजत नाही. ठाण्याहून नेरूळला ट्रान्स हार्बरची लोकल थेट जाते, पनवेल गाडी पकडली तर बेलापूरही. वांद्र्याला दादरला गाडी बदला आणि सनबोर्डचं मॉडेल डोक्यावर धरून पूल चढा. रात्री दोनपर्यंत ड्राफ्टिंग करून हे पाच वर्षं, म्हणजे दहा सेमिस्टर. (त्यातलं एक ऑफिसातल्या ट्रेनिंगचं, ते ठाण्यातच करता येतं.) दोन्हीकडचं काम तुल्यबळ वाटलं तर मी डोळे मिटून नवी मुंबई टाकेन. वांद्र्याचं उघडच सरस दिसलं तर जाऊ द्या तिला, पण हॉस्टेलचा किंवा एखाद्या मावशीच्या घराचा विचार करून ठेवा.

नवी मुंबईत आर्किटेक्चर शिकणं म्हणजे दुय्यम, हे तर मनातून काढाच. सिडकोने अख्खं शहर कागदावर आखून उभं केलं, सुरुवातीच्या वर्षांत चार्ल्स कोरिया त्याचे मुख्य वास्तुविशारद होते. बेलापूरची त्यांनी रचलेली घरांची वसाहत, आर्टिस्ट्स व्हिलेज, तिथल्या कॉलेजांच्या उशाला आहे. लोकांनी ती घरं पुढे कशी वाढवली, पाडली, बदलली, हे बघायला मुलांना सहल काढावी लागत नाही, संध्याकाळी चालत जाता येतं.

दोन गोष्टी मात्र न चुकता तपासा. कॉलेज आणि त्याची मंजूर प्रवेशक्षमता काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या यादीत आहे ना? 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे तिथे नोंदणी झाल्याशिवाय नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही, आणि इंटिरिअरच्या पदवीवर ती नोंदणी होत नाही. प्रवेशाच्या दिवसांत 'दोन्ही एकच हो' म्हणणारे खूप भेटतात. दुसरी गोष्ट फी. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा त्यांच्या साइटवर बघा, आणि त्यावर प्रिंट, मॉडेलचं सामान, स्टडी टूर, लॅपटॉप धरा. सेमच्या शेवटच्या आठवड्यात प्रिंटवाल्याचं बिल बघून बाप लोक गप्प होतात.

फॉर्म भरताना गेल्या वर्षीचा कटऑफ बघून क्रम लावू नका. जे खरंच हवं तेच वर टाका. वरचं नाही मिळालं तर यंत्रणा आपोआप खालचं बघते. मुलीने काढलेली स्केचेस असतील तर इथे टाका, बघून सांगतो.