गाडी तापते कधी, ते आधी बघ

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, उकळतं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) अंगावर उडतं. निदान ३० मिनिटं थांब, मग पातळी बघ.

गाडी फक्त सिग्नलला तापते आणि वेग घेतला की तापमानाचा काटा खाली येतो? मग बहुतेक रेडिएटरचा पंखाच फिरत नाही. फ्यूज, रिले (पंखा चालू करणारा स्विच), मोटर याच क्रमाने तपास. फ्यूजच गेला असेल तर स्वस्तात सुटतोस. हायवेवरही तापत असेल तर रेडिएटर चोंदलेला किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला. इंजिन तापूनही रेडिएटरचा होज गारच राहिला, की मी थर्मोस्टॅटच धरतो.

गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होतंय आणि सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतोय? हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचा भाग, म्हणजे हेड, यांमधलं सील) गेलं असणार. तशी गाडी अजिबात चालवू नकोस, टो करून ने. हेड वाकलं तर खर्च फार वाढतो.