नैसर्गिक कायद्याच्या फेलोशिपला जाऊन वकिलाच्या हाती काय लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वकिलीला दोन वर्षं झाली आहेत, अमेरिकेतल्या एका फेलोशिपसाठी निवड झाली आहे, तिथे आठवडाभर तरुण वकिलांना ‘नॅचरल लॉ’चं तत्त्वज्ञान शिकवतात, याचा कोर्टात काही उपयोग होतो का?

मी तिकडे एलएलएम केल्यावर अशाच एका फेलोशिपला गेले होते. माझं उत्तर ‘जरूर जा’ असं आहे, पण कशासाठी जायचं हे आधी ठरवून जा.

पहिल्यांदा शब्दाचा घोळ मिटवू. वकिलाला ‘नैसर्गिक’ म्हटलं की नैसर्गिक न्यायाची तत्त्वं आठवतात: दोन्ही बाजू ऐकाव्यात, स्वतःच्याच प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये. ती सुनावणीची पथ्यं झाली. नैसर्गिक कायद्याचा दावा त्याहून मोठा आहे. काही कृत्यं मुळातच चूक असतात, ती का चूक आहेत हे माणसाच्या बुद्धीला कळू शकतं, आणि विधिमंडळानं ठराव केला किंवा मागे घेतला म्हणून त्यात फरक पडत नाही, असा तो दावा. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञानं तेराव्या शतकात कायद्याची व्याख्या केली ती अशी: सर्वांच्या हितासाठी, समाजाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्यानं जाहीर केलेला विवेकाचा आदेश. यातला ‘विवेक’ हा शब्द काढला तर उरते फक्त हुकमत.

अमेरिकेत हा विषय शिकताना जेम्स विल्सन हे नाव टाळता येत नाही. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान या दोन्हींवर सह्या करणारे फक्त सहा जण, त्यांतला हा एक. पुढे तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या न्यायाधीशांपैकी एक झाला. कायद्यावरची व्याख्यानं त्यानं कलमांपासून सुरू केली नाहीत. माणसाला काय कळू शकतं, बंधन म्हणजे काय, इथून सुरुवात केली. हाच माणूस न्यायाधीशपदावर असताना कर्जापायी तुरुंगात गेला आणि 1798 साली कर्जबाजारी अवस्थेतच वारला. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

त्याच वर्षीचा ‘काल्डर विरुद्ध बुल’ हा निवाडा मात्र मन लावून वाचा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात एका मृत्युपत्राला प्रोबेट कोर्टानं, म्हणजे मृत्युपत्रं तपासणाऱ्या कोर्टानं, नकार दिला होता. विधिमंडळानं ठराव करून फेरसुनावणी मिळवून दिली, तीत मृत्युपत्र मंजूर झालं आणि काल्डर दांपत्याच्या हातून वारसा गेला. पूर्वलक्षी, म्हणजे आधीच घडून गेलेल्या गोष्टींना लागू होणाऱ्या, कायद्याला संविधानात बंदी आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, ती बंदी फौजदारी कायद्यापुरतीच आहे. निकाल तेवढ्यावर संपतो, पण वाटेत दोन न्यायाधीश भिडतात. न्या. चेस म्हणतात, विधिमंडळानं एकाची मालमत्ता काढून दुसऱ्याला दिली, तर संविधानात मनाई लिहिलेली असो वा नसो, त्याला मी कायदा म्हणणार नाही. न्या. आयर्डेल म्हणतात, नैसर्गिक न्यायाला ठरलेलं मापच नाही, अत्यंत हुशार आणि निर्मळ माणसांचीही त्यावर मतं वेगळी पडली आहेत. मग न्यायाधीशानं कुठल्या आधारावर कायदा रद्द करायचा?

आठवडाभर आमच्यात जे वाद झाले ते फिरून याच जोडीपाशी येत. माझं मत चेसच्या बाजूला झुकतं. तरी आयर्डेलच्या प्रश्नाला आपलं उत्तर तयार नसेल, तर चेसचं नाव घेऊ नये असंही मला वाटतं.

मला खरी कलाटणी मिळाली ती एका साध्या वाक्यानं: जे टाळणं माणसाच्या हातातच नव्हतं, त्याबद्दल त्याला दोषी धरू नये. हे कुठल्या कलमातून आलं? कुठल्याच नाही. उलट अनेक कलमं त्यातून आली. वेडाच्या भरात केलेल्या कृत्याला बचाव का मिळतो, काल निर्दोष असलेल्या कृत्याला आज शिक्षा का नको, न जाहीर केलेला कायदा का बांधत नाही, या सगळ्याच्या मुळाशी तेच वाक्य सापडतं. कातडीच्या रंगावरून माणसाला कमी लेखणं चूक का, याचंही उत्तर तिथेच जातं. लिंकनच्या एका टिपणात याच जातीचा युक्तिवाद आहे. रंग उजळ म्हणून तुम्ही दुसऱ्याला गुलाम करता? मग तुमच्याहून उजळ असा जो पहिला माणूस भेटेल, त्याचे गुलाम व्हायला तयार राहा. बुद्धी जास्त म्हणून? मग जास्त बुद्धीचा माणूस भेटेपर्यंतच तुम्ही मोकळे. यात एकही कलम नाही, आणि खोडून काढायला जागाही नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती मला जिव्हारी लागलेली आहे. मायरा ब्रॅडवेल या बाईंना इलिनॉय राज्यानं वकिलीची सनद नाकारली होती आणि 1873 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नकार कायम ठेवला. न्या. ब्रॅडली यांनी निकालाशी सहमत होत स्वतःचं स्वतंत्र मत लिहिलं: पत्नी आणि माता होणं हीच स्त्रीची नियती, आणि तो सृष्टिकर्त्याचा कायदा. निसर्गाच्या नावानं बाईला कोर्टाबाहेर ठेवलं गेलं. ते मत मी वर्गात मोठ्यानं वाचलं तेव्हा माझा आवाज कापत होता. मला वाटतं ब्रॅडलींनी विवेकाला विचारलंच नाही. सवयीला निसर्ग म्हटलं. पण हा फरक दर वेळी सिद्ध करावा लागतो, गृहीत धरून चालत नाही.

म्हणून शिकवणारे कोण आहेत ते बघून जा. अमेरिकेत अशा फेलोशिपमागे बहुतेकदा पुराणमतवादी विचारांची मंडळी असतात. गर्भपात आणि विवाहाचे प्रश्न हमखास निघतात. तुमची मतं वेगळी असतील तर गप्प बसू नका. याच परंपरेतले संत ऑगस्टीन आणि अक्वायनस मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आधाराला घेतले होते. ही परंपरा एका गोटाची नाही.

कोर्टात ‘नैसर्गिक कायद्यानुसार’ असं म्हणून उभं राहू नका, न्यायाधीश कलम कोणतं ते विचारतील आणि ते योग्यच आहे. मी मसुदा करताना आधी एका ओळीत लिहिते, की माझ्या अशिलावर नेमका अन्याय कोणता झाला. मग कलमं आणि निवाडे शोधते. ती ओळ लिहिता आली नाही, तर पुढचा मसुदाही लंगडा होतो, असा माझा अनुभव आहे.

निघण्यापूर्वी चेस आणि आयर्डेल यांची मतं एका बैठकीत, लागोपाठ वाचा. कोण पटलं ते लिहून ठेवा, आणि शेवटच्या दिवशी तोच कागद पुन्हा उघडा. माझ्या कागदावर आयर्डेलचं नाव होतं.