भुसावळात दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते. रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटरवर केलेल्या फोटोफ्रेमचं मेमरी कार्ड दर वेळी खराब होतं. यूपीएस घ्यावाच लागेल का?

यूपीएस नको, कार्डावरचं लिखाणच बंद करा. कार्ड बिघडतं ते लिहिणं चालू असताना वीज तुटल्यामुळे. फ्रेम नीट चालू झाल्यावर सगळ्यात शेवटी रास्पी-कॉन्फिग (raspi-config, सेटिंग्ज बदलायचा प्रोग्रॅम) उघडून परफॉर्मन्स ऑप्शन्समधला ओव्हरले फाइल सिस्टिम हा पर्याय चालू करा आणि बूट पार्टिशनही (कार्डाचा सुरू होताना लागणारा भाग) रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं करा. मग सगळं लिखाण रॅममध्ये होतं, रीस्टार्ट झालं की पुसलं जातं.

फोटो वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. एफएसटॅबमध्ये (/etc/fstab, कोणता ड्राइव्ह कसा जोडायचा याची फाइल) त्याला 'आरओ,नोफेल' (ro,nofail) द्या: आरओ म्हणजे फक्त वाचणं, नोफेल म्हणजे ड्राइव्ह नसला तरी पुढे जाणं. नोफेल विसरलात तर पेनड्राइव्ह नसताना रास्पबेरी पाय सुरू होताना अडकतो. फोटो आधीच स्क्रीनच्या मापाचे करा, १ जीबी रॅमला १२ मेगापिक्सेलचे फोटो उगाच जड जातात.

मात्र ओव्हरले चालू असताना वाय-फायचा पासवर्ड बदलला तरी टिकत नाही. आधी ओव्हरले बंद, रीस्टार्ट, बदल, पुन्हा चालू. आणि ॲडॉप्टर ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचाच हवा. स्क्रीनवर विजेचं चिन्ह दिसलं तर दोष बहुधा ॲडॉप्टरचा किंवा बारीक केबलचा. मे महिन्यात बंद फ्रेममागे हवा खेळायला भोकं ठेवा, ८० अंशांपुढे रास्पबेरी पाय स्वतःच वेग कमी करतो.