पक्षी आठवणीवरून एखादी वस्तू घडवू शकतात का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: हुशार समजले जाणारे पक्षी पूर्वी पाहिलेली वस्तू समोर नसताना आठवणीवरून पुन्हा घडवू शकतात का, आणि सुगरणीचे घरटे हा त्याचा पुरावा मानावा का. पहिलीचे उत्तर, निदान एका जातीच्या कावळ्यापुरते, ‘होय’ असे आहे. दुसरीचे मात्र मी ‘नाही’ असे देईन.

मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. पावसाळा लागला की आमच्या नाल्याकाठच्या शिंदीवर सुगरणींची वसाहत बसते. नर पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, ते टोक धरून उडतो आणि लांब धागा सोलून आणतो. घरटे अर्धे झाले की विणकाम थांबवून मादीची पसंती घेतो, आणि ती मिळाली तरच पुढची नळी विणतो. कोवळ्या नरांची पहिली घरटी ओबडधोबड असतात व सरावाने सुधारतात, म्हणजे यात शिकण्याचा वाटाही आहेच. तरीही घरट्याचा आराखडा साऱ्या जातीचा एकच असल्यामुळे, एखाद्या नराने विशिष्ट वस्तू पाहून लक्षात ठेवली होती असे त्यावरून म्हणता येत नाही.

ते सिद्ध करण्यासाठी अशी वस्तू लागते, जी त्या पक्ष्याच्या पूर्वजांनी कधी पाहिलेलीच नाही. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कावळ्यांवर असा प्रयोग झाला आणि तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ कावळ्यांना एका यंत्रात कागदाचे तुकडे टाकून खाऊ मिळवायला शिकवले गेले. ठराविक आकाराच्या तुकड्यालाच खाऊ मिळतो, हे त्यांच्या अंगवळणी पडल्यावर नमुन्याचे सर्व तुकडे काढून घेतले आणि फक्त मोठा कागद दिला. तेव्हा कावळ्यांनी तो चोचीने फाडून पूर्वी खाऊ देणाऱ्या आकाराच्या जवळ जाणारे तुकडे तयार केले. माझ्या मते आपल्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर नाही.

याच कावळ्यांचे रानातील काम अधिक गुंतागुंतीचे आहे. आपल्या केवड्याच्या कुळातील एका झाडाच्या काटेरी पानाची कड ते कापतात, तिरकी फाडतात, पुन्हा कापतात आणि एका टोकाला रुंद व दुसऱ्याला निमुळती अशी पायऱ्यांची पट्टी काढतात. ती धरतानाही काटे चोचीकडे वळलेले राहतील हे पाहतात, म्हणजे फटीतील किडा ओढताना अडकून बाहेर येतो. पट्टी गेली तरी तिच्या आकाराची खाच पानावर शिल्लक राहते. त्यामुळे कावळा प्रत्यक्ष न दिसताही, कोणत्या भागात कोणत्या घडणीची अवजारे होतात हे अभ्यासकांना पानांवरून कळले. ही घडण भागाभागानुसार बदलते. पिल्ले थोरांची अवजारे पाहून तो आकार मनात ठेवत असावीत, या तर्काला कागदाच्या प्रयोगाने बळ मिळाले; तो शेवटपर्यंत सिद्ध झाला असे मात्र मी म्हणणार नाही.

चेहरे लक्षात ठेवणे ही वेगळी बाब आहे. गोफण घेऊन वावरात उभा राहणारा माणूस कावळे लांबूनच ओळखतात, असे आमच्याकडे सगळेच सांगतात. अमेरिकेतील सिॲटल येथे 2006 मध्ये विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले, तर त्या मुखवट्यावर पुढे कित्येक वर्षे कावळे कलकलाट करीत राहिले, आणि त्यांत कधीच न पकडलेलेही होते. स्मरणशक्तीचा हा भक्कम पुरावा असला तरी घडवण्याशी त्याचा संबंध नाही, आणि गप्पांमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते.

ऑक्सफर्डच्या बेट्टी नावाच्या, याच न्यू कॅलेडोनियाच्या जातीच्या कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला, ही 2002 ची गोष्ट आपण वाचली असेल. तिला तो आकडा ऐनवेळी सुचला असे तेव्हा मानले गेले. परंतु त्याच जातीचे रानातील कावळे काटक्या वाकवतात, हे 2016 मध्ये दाखवले गेल्यावर त्या घटनेचे वजन कमी झाले.

आपला गावकावळा घरट्यात बांधकामाची तार सर्रास वापरतो, पण अवजारे घडवण्यासाठी त्याची ख्याती नाही. तेवढ्यावरून त्याला ती कुवतच नाही असे ठरवू नये. त्याचा युरोपातील भाऊबंद ‘रूक’ रानात अवजारे वापरत नाही, तरी केंब्रिजच्या प्रयोगात त्यानेही तारेचा आकडा करून खाऊ वर ओढला होता (2009). आमच्या गावात कावळ्याला अंगणातला भाकरीचा तुकडा चोचीनेच मिळतो.