रंगीत चष्म्यानं वाचन सुधारतं का?

प्रश्न: ताई, मुलगा तिसरीत आहे, डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण) निघालाय, ‘घ’ आणि ‘ध’मधे गोंधळतो. एकानं रंगीत काचांचा महाग चष्मा सुचवलाय, घेऊ का?
– एक आई, इंदूर

उत्तर: नका घेऊ हो. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मधेच सांगितलंय की अशा चष्म्याला शास्त्रीय पुरावा नाही, अडचण बहुतेक वेळा आवाज आणि अक्षराची जोडी जुळवण्यात असते. तिथल्याच नॅशनल रीडिंग पॅनलनं, म्हणजे तज्ज्ञांच्या गटानं, २००० मधे वाचन शिकवण्यावरचे ढीगभर अभ्यास तपासले, त्यात हीच जोडी क्रमानं शिकवणं उपयोगी ठरलं. म्हणून आधी ‘घ’ पक्का करा, घर, घडी, घास मोठ्यानं म्हणत ताटातल्या रव्यात गिरवू दे, ‘ध’ नंतर. शाळा हिंदी असली तरी अक्षरं तीच. दर शनिवारी एक मिनिट वाचून घ्या नि बरोबर शब्द मोजून वहीत लिहा, महिनाभर आकडा हलला नाही तर पद्धत बदला, त्याला रागवू नका.